पूल क्लोजिंगचं पॅकेज आणि हीटरच्या पोटात राहिलेलं पाणी

सप्टेंबर सरत आला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या पट्ट्यात पूल बंद करून देणाऱ्यांच्या जाहिराती सुरू होतात. ‘विंटर क्लोजिंग’ असं पॅकेजचं नाव. किंमत साधारण तीनशे ते पाचशे डॉलर, पूलचा आकार आणि कव्हरचा प्रकार पाहून वरखाली. एवढ्या पैशांत पाण्याची पातळी खाली आणणं, जमिनीखालच्या पाइपांमधून हवा मारून पाणी काढणं, रबरी बुचं बसवणं, हिवाळ्याची रसायनं टाकणं आणि कव्हर ताणून देणं ही कामं होतात. हीटरचा उल्लेख बहुतेक पत्रकांत ‘इक्विपमेंट विंटरायझेशन’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेला असतो. पूलच्या सामानात सहसा सगळ्यात महाग तोच आणि थंडीला सगळ्यात आधी बळी पडणाराही तोच. म्हणून हे परीक्षण आम्ही एकाच कसोटीवर केलं आहे: या सेवेमुळे आणि तिच्यासोबत विकल्या जाणाऱ्या वस्तूंमुळे मे महिन्यात हीटर धड सुरू होईल का?

आमचं मत आधीच सांगतो. पाइपांसाठी हे पॅकेज चांगलं आहे आणि पैसे वसूल होतात. हीटरसाठी मात्र ते जसंच्या तसं घेतलं तर अपुरं आहे. काम कोण करतो यापेक्षा हीटरमधलं पाणी कुठून आणि किती काढतो, यावर सगळं अवलंबून आहे.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. गॅस हीटरच्या आत तांब्याच्या किंवा क्युप्रोनिकेलच्या (तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या) पातळ नळ्यांची रांग, म्हणजे हीट एक्स्चेंजर, असते आणि उष्णता पटकन घ्यावी म्हणून प्रत्येक नळीवर पातळ चकत्या दाटीनं बसवलेल्या असतात. ज्या रचनेमुळे या नळ्या लवकर तापतात, तिच्यामुळेच त्या लवकर गारही पडतात. जमिनीखालचा पाइप अजून सुरक्षित असतो, तोवर उघड्यावरच्या हीटरमध्ये बर्फ धरलेला असतो. नळीच्या दोन टोकांना बर्फाचं बूच बसलं की मधलं पाणी अडकतं. बर्फ वाढत जातो, दाब चढतो आणि नळी लांबीच्या दिशेनं उकलते. ही चीर हिवाळाभर दिसत नाही. वसंतात पंप चालू केल्यावर हीटरच्या बुडातून पाणी वाहायला लागतं, तेव्हा कळतं. नवा हीट एक्स्चेंजर हजार डॉलरच्या वर सहज जातो, मजुरी वेगळी. जुन्या हीटरला एवढा खर्च करण्यापेक्षा नवाच घ्या, असं दुकानदार सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. वॉरंटीचा आधार धरू नका. गोठून झालेलं नुकसान हीटर कंपन्यांच्या वॉरंटीत सहसा धरलेलंच नसतं.

आता चांगलं काम कसं दिसतं ते पाहू, कारण अंगणात उभं राहून हे तपासणं तुम्हालाही जमण्यासारखं आहे.

चांगला तंत्रज्ञ आधी हीटर पॅनेलवरून बंद करतो आणि पंप आणखी पाच-दहा मिनिटं चालू ठेवतो, म्हणजे तापलेला एक्स्चेंजर निवतो. मग पंप आणि हीटर दोघांचे ब्रेकर पाडतो. फक्त टायमर बंद करून भागत नाही. जानेवारीत कुणी चुकून टायमर फिरवला तर कोरडा पंप फिरेल आणि त्याचं सील जळेल. त्यानंतर हीटरबाहेरचा गॅसचा व्हॉल्व्ह. दांडा पाइपला आडवा झाला म्हणजे बंद. सतत जळणाऱ्या पायलट ज्योतीचा जुना हीटर असेल तर आतला नॉबही ‘ऑफ’वर.

क्लोरिनेटरमधल्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या डब्यातल्या, गोळ्या याच वेळी काढायच्या. ही पायरी फार जण गाळतात. ट्रायक्लोर या क्लोरीनच्या संयुगाच्या गोळ्यांभोवती साचलेलं पाणी अतिशय आम्लधर्मी होतं, त्याचा पीएच तीनच्या आसपास जातो. ते मागे सरकून हीटरमध्ये शिरलं तर तांबं खायला लागतं. वसंतात पूलच्या भिंतींवर हिरवट-निळसर डाग दिसले, तर ते विरघळलेल्या तांब्याचे असू शकतात. क्लोरिनेटर नेहमी हीटरच्या पुढे, म्हणजे पाणी हीटरमधून बाहेर पडल्यावर यायला हवा आणि दोघांच्या मध्ये चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) हवा. स्किमरमध्ये, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडात, गोळी टाकून ठेवण्याची सवय तर हीटर असलेल्या पूलला सोसतच नाही. पंप बंद असताना तिथे जमलेलं आम्लाचं पाणी पंप सुरू होताच सरळ हीटरमधून जातं. बंद करण्यापूर्वी पाण्याचा पीएच 7.4 ते 7.6 मध्ये आणून ठेवायचा तो याचसाठी, कारण एखादा थेंब आत राहिलाच तर निदान तो आम्लाचा नसावा.

यापुढे येतं खरं काम. पेंटेअर, रेपॅक, हेवर्ड, जँडी या चारही नावांचे हीटर पूर्वेकडच्या घरांत दिसतात आणि त्यांच्या ड्रेन प्लगच्या जागा वेगवेगळ्या आहेत. काहींना एकाच बाजूला प्लग, काहींना दोन्ही बाजूंच्या हेडरला, म्हणजे नळ्या जिथे मिळतात त्या पेटीला. तंत्रज्ञानं मॉडेल नंबर न पाहता एकच प्लग काढला आणि ‘झालं’ म्हटलं, तर पुस्तिका उघडून त्याच्यासमोर धरा. पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळते.

प्लग काढल्यावर पाण्याची धार येते, बारीक होते, थांबते. बहुतेक जण इथेच थांबतात. हेडरच्या तळाशी क्षाराचे पोपडे आणि वाळूचे कण साचलेले असतात. पाण्याबरोबर ते भोकाशी येतात आणि भोक बुजवतात. धार थांबली ती पाणी संपलं म्हणून की भोक बुजलं म्हणून, हे बाहेरून कळत नाही. एक जाड तार किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हर भोकात हळूच फिरवला की कितीतरी वेळा पुन्हा भळाभळा पाणी येतं, सोबत पांढऱ्या खड्यांचा चुरा. हे राहिलेलं पाणीच नळी फोडायला पुरेसं असतं. तंत्रज्ञाच्या हातात अशी तार दिसली तर समजा, माणूस जाणता आहे.

नंतर हवा. इथे एक यांत्रिक बारकावा आहे आणि बऱ्याच पॅकेजांची फजिती तिथेच होते. पाइपांमधून हवा मारताना ब्लोअर पंपाच्या बाजूला लावतात. हवा फिल्टर आणि हीटर ओलांडून परतीच्या तोंडातून बुडबुडे काढत बाहेर पडते. बुडबुडे दिसले, म्हणजे हीटरही रिकामा झाला असं धरलं जातं. पण गॅस हीटरच्या आत स्प्रिंगचा बायपास व्हॉल्व्ह असतो. जास्तीचा प्रवाह नळ्यांमधून न नेता सरळ पुढे काढून देणं हे त्याचं काम. काही हीटरमध्ये शिवाय थर्मल रेग्युलेटर असतो आणि तो थंड असताना मिटलेला असतो. हवा सोपा रस्ता धरते, बायपासमधून निघून जाते आणि नळ्यांमधलं पाणी जागच्या जागी राहतं. म्हणून सगळे ड्रेन प्लग काढून ठेवूनच हवा मारली पाहिजे, म्हणजे नळ्यांतलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडतं. शेवटी भोकातून फक्त कोरडी हवा यायला हवी. तळहात धरून पाहा, तुषार लागत असतील तर काम अजून बाकी आहे.

यासाठी शॉप-व्हॅक (वर्कशॉपमधला मोठा व्हॅक्यूम क्लीनर) उलट्या दिशेनं, हवा फेकेल असा, लावला की पुरतो. हवा भरपूर आणि दाब कमी, हेच हवं असतं. टायर भरायचा कॉम्प्रेसर चढ्या दाबानं लावणारे महाभाग आहेत. त्यांना हीटरपासून दूर ठेवा, फिल्टरच्या टाकीपासून तर आणखीच दूर. बंद टाकीत दाबाची हवा कोंडली तर झाकण उडून माणूस जखमी होतो.

आणखी दोन ठिकाणी चमचा-दोन चमचे पाणी दडून बसतं. एक म्हणजे प्रेशर स्विच. हेडरपासून त्याच्याकडे जाणारी तांब्याची बारीक नळी अनेक हीटरमध्ये वळसा घेऊन जाते आणि त्या वळशात पाणी राहतं. ते गोठलं की स्विचचा पडदा फाटतो. वसंतात पंप जोरात चालू असूनही हीटर ‘पाण्याचा दाब नाही’ म्हणत पेटत नाही आणि लोक आठवडाभर फिल्टर धूत बसतात. नळीचा नट सैल करून पाणी गळू द्यायचं, एवढंच. दुसरी जागा हीटरच्या पुढचा चेक व्हॉल्व्ह. त्याची झडप पाणी धरून ठेवते. झाकणाचे स्क्रू काढून तो उघडावा, झडप पुसावी, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावं. व्हॅसलिन लावू नये, पेट्रोलियमनं रबर फुगतं.

काढलेले सगळे प्लग एका पिशवीत घालून पंपाच्या जाळीच्या टोपलीत ठेवायचे. वसंतात पंप सुरू करण्याआधी तिथे हात घालावाच लागतो, त्यामुळे ते हरवत नाहीत. प्लग परत लावून टाकणारा तंत्रज्ञ मात्र नको. उघड्या भोकांतून उरलासुरला ओलावा निघून जातो, वरून काही झिरपलं तर तेही वाहून जातं.

आता सोबतच्या वस्तू. पॅकेजमध्ये बहुधा गुलाबी अँटीफ्रीझच्या काही बाटल्या असतात, किंवा जादा पैसे घेऊन सुचवल्या जातात. हा माल पाइपांसाठी उपयोगी आहे, हीटरसाठी तो पाणी काढण्याला पर्याय होऊ शकत नाही. बाटलीवरचा ‘उणे 50’ हा आकडा फॅरनहाइटमध्ये, म्हणजे सुमारे उणे 45 सेल्सिअस, आणि तो पाइप फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे. द्रव त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या लगद्यासारखा घट्ट होतो. फक्त तो पाण्यासारखा कडक फुगत नाही. शिवाय हा आकडा न मिसळलेल्या द्रवाचा. पाणी पूर्ण न काढता वरून बाटली ओतली तर ते पातळ होतं आणि आकड्याला अर्थ उरत नाही. हीटरमध्ये अँटीफ्रीझ भरायचं की नाही हे मॉडेलच्या पुस्तिकेवरून ठरवा. आमचा कल न भरण्याकडे आहे. कोरड्या नळीला कशाचीच गरज नसते.

खरेदी करताना बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. प्रॉपिलीन ग्लायकॉल हवं. स्वस्त बाटल्यांमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. ते ज्वलनशील असतं आणि रबरी सील कोरडी करतं. गॅस हीटरच्या शेजारी असलं काही नकोच. गाडीचं अँटीफ्रीझ म्हणजे इथिलीन ग्लायकॉल विषारी, त्याचा पूलशी संबंधच येऊ देऊ नका. प्रमाणाचा हिशेब सोपा आहे: दीड इंची पाइप पूर्ण भरायला दहा फुटांना साधारण एक गॅलन, दोन इंची असेल तर सहा फुटांना एक गॅलन. हवा मारून नीट बूच लावलेल्या पाइपला एवढंही लागत नाही. चाळीस फुटांच्या दोन इंची पाइपसाठी एक गॅलन ओतून कुणी हमी देत असेल, तर त्या हमीवर विसंबू नका.

हीटरचं हिवाळी कव्हर ही या यादीतली सगळ्यात अनावश्यक खरेदी. गॅस हीटर उघड्यावर राहण्यासाठीच बनवलेला असतो. प्लास्टिकचं जाड कव्हर जमिनीपर्यंत ओढून घट्ट बांधलं की आत दमटपणा कोंडतो, बर्नरची तबकं गंजतात आणि उंदरांना उबदार घर मिळतं. उंदरांचा उपद्रव हलका समजू नका. ते वायरी कुरतडतात, बर्नरवर घरटं करतात, त्यांच्या मुतानं पत्रा सडतो. त्याहून मोठा धोका म्हणजे कव्हर तसंच ठेवून कुणी हीटर पेटवला तर आग लागू शकते, कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. कव्हर घालायचंच असेल तर हवा खेळेल अशा कापडाचं, फक्त वरचा भाग झाकणारं घ्या आणि गॅसच्या दांड्याला चिठ्ठी बांधा: ‘आधी कव्हर काढा’. त्या पैशांत उंदीर शिरतात त्या फटींना बारीक स्टीलची जाळी लावून घेतलेली बरी. हवेच्या आणि धुराच्या वाटा मात्र बुजवायच्या नाहीत.

गॅसऐवजी हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारं विजेवरचं यंत्र, असेल तर पॅकेज घेताना जास्त सावध राहा, कारण गॅस हीटरची सवय असलेले तंत्रज्ञ इथे गोंधळतात. हीट पंपाचा एक्स्चेंजर म्हणजे प्लास्टिकच्या नळकांड्यात गुंडाळलेली टायटॅनियमची नळी. टायटॅनियम क्लोरीनला दाद देत नाही, पण नळकांडं बर्फानं तडकतं. मागचे दोन्ही युनियन (पाइप जोडणारे आट्यांचे सांधे) सैल करायचे, ड्रेन प्लग असेल तर काढायचा आणि एका युनियनमधून हवा मारत राहायचं. गुंडाळीमुळे पाणी आपोआप पूर्ण उतरत नाही. दोन-तीन वेळा थांबून पुन्हा हवा मारली की दर वेळी थोडं निघतं. युनियन नंतर हातानं सैलसर लावायचे, आत पानं आणि किडे जाऊ नयेत एवढ्यापुरते. हीट पंप तिरका करून पाणी ओतून काढण्याचा प्रयत्न करू नये, कॉम्प्रेसरला तो मानवत नाही. बुडाची निथळायची भोकं पानांनी बुजलेली असतात, ती मोकळी करावीत. छपराच्या पागोळीखाली यंत्र असेल तर वरून पडणाऱ्या बर्फाच्या ढेकळांपासून पंखा वाचवायला वर प्लायवुडचा तुकडा दोरीनं बांधून ठेवावा. आम्ही वरचं झाकण चालवून घेतो ते फक्त इथे.

लोणावळा-महाबळेश्वरच्या बंगल्यांत अलीकडे हीट पंप बसू लागले आहेत. त्यांच्या मालकांनी हे सगळं करायची गरज नाही. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात हे खरं, पण नळकांड्यातलं पाणी गोठून फुटेल अशी थंडी तिथे टिकत नाही. त्यांनी फक्त महिनोन्‌महिने पाणी आत साचून राहू देऊ नये आणि वायरी उंदरांपासून जपाव्यात.

छपरावरचे सोलर पॅनेल स्वतंत्र विषय आहे आणि साध्या पॅकेजमध्ये ते धरलेले नसतात. पॅनेलकडे जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून खालचे ड्रेन उघडायचे. वरच्या कोपऱ्यातला व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल तर हवा आत जात नाही आणि पाणी वरच लटकून राहतं, बाटली उलटी धरून तोंड बंद केल्यासारखं. तो व्हॉल्व्ह स्वस्तात मिळतो. शंका असेल तर बदलूनच टाका.

टेक्ससचं गणित निराळं. डॅलसच्या बाजूला, प्लेनो-फ्रिस्कोमध्ये पूल बंद करण्याची पद्धतच नाही. तिथे भरवसा ‘फ्रीझ प्रोटेक्शन’वर असतो. हवेचं तापमान 36 ते 40 फॅरनहाइटच्या खाली गेलं की सेन्सर पंप चालू करतो, वाहतं पाणी गोठत नाही. सोय उत्तम आहे आणि किरकोळ थंडीत पुरेपूर काम देते. सेन्सर मात्र सावलीत, इमारतीच्या उबेपासून लांब असावा. हीटरला बाहेरून बायपास केलं असेल तर थंडीच्या दिवसांत व्हॉल्व्ह फिरवून पाणी हीटरमधूनच जाईल असं ठेवा. नाहीतर सगळ्या पाइपांत पाणी खेळतं आणि हीटरमध्ये तेवढं उभं राहतं. व्हेरिएबल स्पीड पंपाचा वेग इतका कमी ठेवू नका की छपरापर्यंत किंवा कारंज्यापर्यंत पाणी पोचणारच नाही.

या यंत्रणेची एकच उणीव, पण मोठी: वीज गेली की ती गेली. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात 16 तारखेला डॅलस-फोर्ट वर्थला पारा उणे 2 फॅरनहाइटवर, म्हणजे जवळपास उणे 19 सेल्सिअसवर उतरला आणि ऐन त्याच दिवसांत राज्यभर लाखो घरांची वीज बंद होती. पंप, फिल्टर, हीटर फुटले आणि सुट्या भागांसाठी लोकांना ताटकळावं लागलं. म्हणून टेक्ससात राहणाऱ्यांनी क्लोजिंगचं पॅकेज घेण्यापेक्षा तंत्रज्ञाला एकदा बोलावून वीज गेल्यावर काय उघडायचं ते शिकून घ्यावं. ब्रेकर पाडा, पंपाचे ड्रेन प्लग, फिल्टरचा खालचा प्लग आणि वरचा हवेचा नॉब, मग हीटरचे प्लग आणि प्रेशर स्विचची नळी. प्रत्येक प्लगवर रंगीत टेप चिकटवून ठेवा, अंधारात टॉर्चच्या उजेडात शोधावे लागतात. एवढं पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. त्या तासाभराच्या शिकवणीला आम्ही पॅकेजपेक्षा वरचे गुण देऊ.

उत्तरेत पॅकेज घेणार असाल तर ठरवण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी विचारा. हीटरचे सगळे ड्रेन प्लग काढता का? प्रेशर स्विच रिकामा करता का? प्लग काढलेले असताना हवा मारता का? आणि हीटर फुटला तर जबाबदारी लेखी घेता का? पहिल्या तीन प्रश्नांना अडखळत उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. चौथ्याला नकार आला तरी बिघडत नाही, निदान काम चालू असताना तुम्ही घरी थांबाल. तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली घ्या. पाणी साठ फॅरनहाइटच्या खाली आलं की शेवाळ फारसं धरत नाही आणि दिवाळीच्या आसपास थंडीनं पकडायच्या आत काम उरकतं. नोव्हेंबरच्या रांगेत घाई होते आणि घाईत तारेचं काम पहिलं सुटतं.

वसंतात उघडताना प्लग हातानं घट्ट करा, पान्यानं आवळून आटे तोडू नका. हीटर बंद ठेवून फक्त पंप चालवा, पाच मिनिटं बुडाशी टॉर्च धरून पाहा. कोरडं असेल तर पुढचं पॅनेल काढून बर्नरवर घरटं किंवा कोळ्याचं जाळं नाही ना ते बघा. जाळ्यानं हवेची वाट अडली तर ज्योत निळीऐवजी पिवळी होते आणि काजळी धरते. त्यानंतरच गॅसचा दांडा पाइपला समांतर करा. पिवळी ज्योत दिसली तर लगेच बंद करून गॅसवाल्याला बोलवा.